माळ राहिला, अक्का

अक्का, काल पाडवा झाला. माळ सुटायच्या वेळेला सगळं गाव जनावरं घेऊन चुन्याच्या दगडांपाशी उभं होतं आणि जो तो माझ्याकडं बघत होता. मी सरकी पेंड आणि भुसा विकणारा माणूस, माझ्याकडं बघून कुणाचं काय भलं होणार? पण तू दिवाळीच्या आधीच निघून गेलीस आणि मला पुढं उभं करून ठेवलंस. मग आता ऐकूनही तूच घे. भांडण तुझ्याशी होतं, ते दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग?

लोक मला विचारतात, नीलाक्का तुमची कोण? सख्खी नव्हेस, चुलत नव्हेस. तुझ्या-माझ्या घरात एक भिंत, एवढंच नातं. तू सीमेपलीकडून सून होऊन आलीस तेव्हा मी शाळा बुडवून ओढ्यावर हुंदडणारा पोरगा होतो. तुला मराठी धड येत नव्हतं आणि मला तुझं कानडी ऐकून हसू यायचं. तू मला 'तम्मा' म्हणालीस, म्हणजे धाकटा भाऊ, आणि मी तुला अक्का म्हणालो. पुढं माझ्या डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी भर स्टँडवर तू 'ए तम्मा' म्हणून हाक मारायचीस आणि गिऱ्हाइकं हसायची. आता ती हाक मारणारं कुणी उरलं नाही. परवा स्टँडवर कुणी तरी कुणाला तरी कानडीत हाक मारली आणि मी उगाच मान वळवून बघितलं.

आपल्या गावच्या माळाची राखण तुझ्या सासरच्या घरात होती. कागदावर तो गायरान, सरकारचा. पण मृगाचा पाऊस पडला की दगडांना चुना लागायचा आणि माळ बंद व्हायचा. मग दिवाळीच्या पाडव्यापर्यंत आत जनावर नाही, आणि माणसानंसुद्धा वाट वाचवायला आडवं चालायचं नाही. गवत वाढावं, त्याचं बी खाली पडावं, मग पाडव्याला सगळ्यांची जनावरं एकदम आत. हे कुणी ठरवलं ते कुणालाच ठाऊक नाही. अण्णा, म्हणजे तुझे मालक गेले तेव्हा पारावरच्या थोरांनी राखण दुसऱ्या घरात द्यायचा घाट घातला होता. बाईमाणूस माळावर काठी घेऊन कसं फिरणार, असं त्यांचं म्हणणं. तू अण्णांची काठी घेऊन पारापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "काठी घरात हाय, ती धरनारा हात बी घरात हाय. दुसरं घर कशाला हुडकताय?" राखण तुझ्याकडंच राहिली. तुझ्या तोंडाला लागायची हिंमत तेव्हाही कुणाच्यात नव्हती.

आणि तुमच्या घरचा तो दंड! बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बंद माळावर सापडलेलं जनावर तुझ्या अंगणात बांधलं जायचं. मालकानं यायचं, तुझ्या ओसरीवर बसून पोटभर जेवायचं, आणि उठताना तुझ्यासमोर 'चुकलं' म्हणायचं. मग तू दावं सोडायचीस. पैसा नाही, शिवी नाही. पण तुझ्या हातची भाकरी खाल्लेला माणूस पुन्हा चोरून जनावर घालायला धजत नसे. तू मात्र कुरकुरायचीस की गावाच्या चोऱ्यांनी माझं पीठ संपतंय.

मी जेवलोय की त्या ओसरीवर. नवंनवं लग्न झालेलं, अंगात मस्ती, आणि माझी गाय तुझ्या अंगणात बांधलेली. लाजेनं मी दिवस मावळेपर्यंत आलोच नाही. शेवटी बायकोनं ढकललं. तू दारातच होतीस. "बा तम्मा, ऊटा माडु," म्हणालीस. ये, जेव. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याचं कालवण. समोर बसून वाढत राहिलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. मी खाली मान घालून पुटपुटलो, चुकलं. तू म्हणालीस, "कुनाला म्हंतोस? ताटाला?" मग मान वर करून, तुझ्या डोळ्यांत बघून म्हणावं लागलं. त्याशिवाय तू गाय सोडली नाहीस.

पुढं माझी बायको अंथरुणाला खिळली तेव्हा त्याच हातानं तू रोज शेळीचं दूध भिंतीवरून द्यायचीस. एकदा मी काहीतरी बोलायला गेलो, उपकार वगैरे, तर तू भांडं परत मागितलंस आणि म्हणालीस, धुऊन दे, तेवढं बास. ते मी तुला कधीच नीट म्हणालो नाही. आता म्हणतो. तुझ्या त्या दुधावर माझं घर उभं राहिलं, अक्का.

पण भांडणाचं बोलू.

काही वर्षांपूर्वी श्रावणात सौर प्रकल्पासाठी माळाची पाहणी होणार असं पंचायतीत कळलं. मी तेव्हा सदस्य होतो. शेताला दिवसा वीज मिळणार, रस्ता होणार, शाळेला खोली मिळणार, असं सांगत होते, आणि त्यातलं सगळंच काही खोटं नव्हतं. मला भीती होती ती वेगळीच. श्रावणात आपला माळ बंद. साहेब लोक येणार, त्यांना हिरवंगार रान दिसणार आणि त्यात एक शेळी दिसणार नाही. ते काय लिहिणार? वापरात नाही, पडीक आहे, द्या प्रकल्पाला. आपण ज्या रितीनं माळ जिवंत ठेवला, तीच रीत त्याच्या मुळावर येणार होती.

मी तुझ्याकडं धावत आलो. तू शेळीच्या खुरातला काटा काढत होतीस.

"अक्का, एक दिवस माळ सोड. साहेब येऊन जाईपर्यंत."

"बंद माळ मधीच सुटत न्हाय."

"अगं, जनावरं दिसली न्हाईत तर माळच जाईल."

"जाऊ दे की मग."

"जाऊ दे? मग तू राखणार काय? दगड?"

तू काटा काढून बाजूला ठेवलास आणि माझ्याकडं बघितलंस. "गेला तर सरकारनं नेला म्हनू, तम्मा. मोडला तर आपन मोडला म्हनावं लागंल. एकदा आपल्या हातानं मोडलं की दुसऱ्या दिवशी कुनाला आडवू? कुनाला जेवायला बसवू?"

"लई ताठा हाय तुझ्यात."

"व्हय, हाय की. ताठ्यावरच राखन चालती."

मी रागानं उठून गेलो. साहेब आले, त्यांनी माळ बघितला, फोटो काढले आणि जे दिसलं ते लिहिलं. त्यांना तरी कसा दोष देऊ? लांबून वाडीवरचा इरप्पा मेंढका आणि त्याच्यासारखे सगळे मेंढपाळ बघत होते, त्यांच्या मेंढ्या ओढ्याच्या काठाला. आणि वर तू दगडांपाशी काठी घेऊन उभी, कुणी चुकून आत येऊ नये म्हणून. साहेबांनी तुला विचारलंसुद्धा, हितं जनावरं चरत नाहीत का? आणि तू अभिमानानं सांगितलंस, "आता एक बी न्हाय. एक बी दिसलं तर सांगा मला." तू त्यांना पुढचंही सांगितलं असतंस, पाडव्याचं, बियाचं. पण त्यांना घाई होती.

अर्धा माळ गेला. तारेचं कुंपण आलं, आत काळ्या पाट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. दिवसा वीज आली हे खरं, आणि तू स्वतः दिवसा पाणी धरताना मी बघितलंय. पण मेंढ्यांना वीज खाता येत नाही. इरप्पानं निम्मा कळप विकला. त्याच्या वाडीतली काही घरं सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेली, टॉवेलच्या मागावर. ज्यांनी जनावरं ठेवली ते माझ्या दुकानात यायला लागले. पेंड हवी, भुसा हवा. तू येऊन पायरीवर बसायचीस आणि सगळ्यांसमोर म्हणायचीस, "माळ गेला, पन आमच्या तम्माचं दुकान काय चाललंय बघा!" लोक हसायचे. मीही हसायचो. घरी गेल्यावर जेवण जायचं नाही.

त्यानंतर आपण रोज तेच भांडलो. मी म्हणायचो, एक दिवस सोडला असतास तर आज सगळा माळ असता. तू म्हणायचीस, असता, पण कसला असता? मी म्हणायचो, हट्टी आहेस. तू म्हणायचीस, दुकानदार आहेस. त्याच्या पुढं आपली गाडी कधी गेली नाही. कधी कधी तर दोघांनाही त्याचा कंटाळा यायचा, मग तू विषय बदलून माझ्या सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचीस. शेवटचं आलीस तेव्हा शेळ्यांसाठी मिठाचा खडा न्यायला आली होतीस. जाताना म्हणालीस, "मी गेल्यावर तुला रान मोकळं हाय, काय ते कर." मी गिऱ्हाइकाचं पोतं बांधत होतो. मान वर करून उत्तरही दिलं नाही. रोजचंच बोलणं वाटलं.

तुझ्या मातीचा दिवस सांगतो, तो तुला ठाऊक नाही. तुला तुझ्या शेतात न्यायचं होतं, अण्णांच्या शेजारी. सकाळपासून पाऊस लागून राहिलेला. घरून निघालं की उरलेल्या माळावरून आडवं गेलं तर शेत हाकेवर. पण माळ बंद. पुढचा खांदा माझा होता. दगडांपाशी आलो आणि कुणी न सांगता सगळे वळलो. मी, ज्यानं तुला राखण मोड म्हणून इतकी वर्षं पिडलं, माझेच पाय आधी वळले. ओढ्याकडून वळसा घालून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, घसरत, सावरत तुला नेलं. मागून इरप्पा म्हणाला, "मेली तरी बाई आडवं चालू देईना." आणि तिरडीखाली असलेली सगळी माणसं हसली, अक्का. मग त्याच माणसांना रडूही आवरेना. त्या दिवशी मला वाटलं, तू बरोबर होतीस. राखण काठीत नसते, माणसांच्या पायांत असते.

तेवढ्यात दसरा झाला आणि दुसरी नोटीस आली. उरलेला माळही प्रकल्प वाढवायला हवा होता. पाहणी दिवाळीच्या आधी. म्हणजे पुन्हा बंद माळ, पुन्हा हिरवं रान, पुन्हा एक जनावर नाही.

पारावर गाव जमलं. राखण तुझ्या घरात, म्हणून सगळ्यांनी तुझ्या सुनेला, कस्तुरीला विचारलं. तिच्या डोळ्यांभोवती अजून तुझं सुतक होतं. ती म्हणाली, "आत्या असत्या तर न्हाय म्हनल्या असत्या. मला तेवढं धाडस न्हाय आन् व्हय म्हनायचं बी न्हाय. मामा थोरले हायत, ते सांगतील." सगळी तोंडं माझ्याकडं वळली. तुझं 'रान मोकळं हाय' मला आठवलं. मी म्हणालो, सोडा.

मी काय करायला हवं होतं? सांग ना. बसून बघायचं होतं? सगळा माळ तारेत गेला असता आणि मग मी तुझ्या शब्दाचा मान राखला म्हणून पारावर मिरवायचं होतं?

पाहणीच्या दिवशी माळ मेंढ्या-शेळ्यांनी, गाई-म्हशींनी भरून गेला होता. साहेब चकित झाले. एकानं तर शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. जनावरं चरताना आढळली, गावाचा नियमित वापर आहे, असं लिहिलं गेलं. त्याच दुपारी तलाठ्यानं निरोप दिला की हा तुकडा आता कुणी घेत नाही. गावात कुणीतरी नारळ फोडला. माझ्या पाठीवर थापा पडल्या. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर मी एकटाच बसलो होतो आणि मनात म्हणालो, बघ अक्का, राहिला की नाही माळ?

दुसऱ्या दिवशी सकाळी इरप्पाची मेंढरं माळावर होती.

मी धावत गेलो. "इरप्पा, माळ बंद हाय!"

"काल तूच सोडलास की, सिद्राम."

"काल साहेब होते. ते कामापुरतं होतं."

"माझ्या मेंढरांस्नी कसं सांगू कामापुरतं होतं म्हून? काल तोंड लागलं, आज ओढ्याकडं वळंनात."

"पाडव्यापर्यंत थांब. गवताचं बी अजून पडलं न्हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तोच इरप्पा, जो तुझ्या तिरडीमागं चिखलातून चालला होता. तो म्हणाला, "माळावर चरली तर तुझी पेंड कोन घेनार, म्हून आडवतोस व्हय?"

अक्का, त्याची मेंढी मी माझ्या अंगणात बांधू शकलो असतो का? त्याला कुठल्या तोंडानं जेवायला बसवणार होतो? माझ्या अंगणात तर पेंडीची पोती रचलेली. मी मागं फिरलो. तिसऱ्या दिवशी आणखी दोन घरांची जनावरं आत होती, मग सगळ्यांचीच. एकाचं जनावर पोट भरतंय म्हटल्यावर दुसऱ्यानं का बघत बसायचं? पाडव्याच्या आधी माळावर मातीच दिसायला लागली. पवना गवताची नुसती खुंटं उरली. बी पडायचं होतं ते पडलंच नाही, पुढच्या पावसाळ्यात काय उगवेल ते तूच जाणे.

तू सांगितलं होतंस ते सगळं तसंच झालं. मी सांगितलं होतं तेही झालं, माळ गावाचा राहिला. दोघंही खरे ठरलो आणि हातात आलं उघडं रान. पण तरीही सांगतो, पुन्हा नोटीस आली तर मी पुन्हा सोडीन. तार आली की ती जन्मात निघत नाही, गवत निदान येईल अशी आशा तरी करता येते. हे तुला पटणार नाही. नकोच पटू दे.

आणि काल पाडवा. उघड्या माळापुढं गाव नटूनथटून उभं. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा. काय सोडायचं होतं, सांग? पण रीत होती म्हणून सगळे आले होते, आणि आता हाक कोण देणार म्हणून माझ्याकडं बघत होते. मग कस्तुरी तुझ्या शेळ्या घेऊन आली. तेव्हा मला उमगलं की इतक्या दिवसांत तुझी एकही शेळी मी माळावर बघितली नव्हती. पोरगीनं त्या दारात बांधून ठेवल्या होत्या, माझ्याच दुकानातून भुसा नेत होती, आणि मला वाटत होतं की तिला माळावर यायला सवड नाही. पाहणीच्या दिवशीसुद्धा तिनं दावं सोडलं नव्हतं.

ती दगडांच्या अलीकडं थांबली. तुझ्या शेळ्याही थांबल्या, नेहमीच्या सवयीनं.

"मामा, हाक द्या की," ती म्हणाली.

तू ज्या खडकावर चढायचीस त्यावर मी चढलो. "माळ सुटला, चला!" बाकीची जनावरं जागची हललीसुद्धा नाहीत, त्यांना ठाऊक होतं आत काय आहे ते. फक्त तुझ्या शेळ्या उड्या मारत आत गेल्या. इकडं तोंड लावलं, तिकडं लावलं, पार तारेपर्यंत जाऊन आल्या. मग परत येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. लोक एकेक करून घरी गेले.

मीही निघालो होतो. मागून कस्तुरीनं हाक मारली.

"बर्री मामा, ऊटा माड्री."

या, जेवा. एवढंच म्हणाली. सणाचा दिवस, शेजारच्या म्हाताऱ्याला जेवायला बोलावणं, त्यात काय विशेष? पण तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं त्यावरून मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं.

तुझ्या ओसरीवर बसलो, त्याच जागी. सणाला घराघरात पोळी, आणि माझ्या ताटात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याचं कालवण. ती समोर बसून वाढत राहिली, एक शब्द बोलली नाही. मी सगळं संपवलं. पाणी प्यायलो. मान वर केली. समोर कस्तुरी होती, भिंतीला टेकून ठेवलेली तुझी काठी होती. आता 'चुकलं' म्हणायचं आणि उठायचं, एवढंच राहिलं होतं.

ते तुझ्याच डोळ्यांत बघून म्हणायचं असतं, अक्का. मी बसूनच राहिलो.